समोरचा समोर हवा

मित्रांनो, मी मावळातल्या एका लहान गावाच्या खंडोबाच्या देवळातला तांब्याचा जुना थाळा आहे, आणि आज मी रागावलेला आहे. आपली गोष्ट सांगताना जुन्या वस्तूंनी आवाज मऊ ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, सगळ्यांनी तुम्हाला आपापली कहाणी मऊ आवाजात सांगितली असेल. मला ते आज जमणार नाही. जे झालं ते माझ्या अंगावर झालं, आणि ते करणारे लोक अजून रोज देवळात येऊन घंटा वाजवतात.

आमचं गाव वडिवळ्याच्या धरणापासून वर, डोंगराच्या पोटाशी आहे. खाली भाताची खाचरं, मधे घरं आणि वर टेकाडावर खंडोबा. मला घडवलं पुण्याच्या तांबट आळीतल्या एका कारागिराने, पण माझं तांबं इथलंच आहे. तुमच्या पणजोबांच्या काळात गावाने ठरवलं, देवाला भंडाऱ्याचा थाळा करायचा. मग घरोघरची मोड गोळा झाली. कुणी चेपलेली घागर दिली, कुणी बूड गेलेला बंब दिला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून केरबाच्या आज्याने एक फुटका तांब्या आणून दिला. तो त्याने लांबूनच खाली ठेवला आणि मागे सरला, कारण त्याला देवळाची पायरी चढायला बंदी होती. त्याचा तांब्या मात्र वितळून माझ्यात मिसळला आणि थेट गाभाऱ्यात जाऊन बसला. माझ्यातलं कोणतं तांबं कुणाच्या घरचं, हे आज खुद्द त्या तांबटालाही सांगता आलं नसतं.

पुढे छप्पन साली त्या वस्तीने देव सोडले आणि बुद्धाची वाट धरली. गावातले काही म्हातारे तेव्हा कुरकुरले, देव कोपेल म्हणाले. मला कधी राग आला नाही. ज्या देवाने त्यांना पायरीवर उभं राहू दिलं नाही, तो त्यांनी सोडला तर त्यात बिघडलं काय?

आता माझं काम सांगतो. आमच्या गावात बेलभंडारा उचलायची रीत होती. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. दोघांचा तंटा झाला, दोघेही हट्टाला पेटले आणि साक्षीदार कुणी मिळेना, की पंच म्हणायचे, चला वर. मग गुरव माझ्यावर भंडारा पसरायचा आणि बेलाची पानं ठेवायचा. ज्याला आपलं खरं करायचं असेल त्याने बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून देवासमोर बोलायचं. एकदा उचलला की तंटा मिटला. त्यावर कोर्टकचेरी नाही की भाऊबंदांची बैठक नाही.

पण या रीतीला नेम होते, आणि ते फार कडक होते. थाळा देवळाबाहेर न्यायचा नाही. जे घडून गेलं तेवढ्याचीच शपथ घ्यायची; पुढे काय करीन, याची शपथ कुणी कुणाकडून घ्यायची नाही, कारण उद्याचा दिवस माणसाच्या हातात नसतो. आणि सगळ्यांत मोठा नेम असा, की समोरचा समोर हवा. ज्याच्याशी तंटा, तो डोळ्यांपुढे उभा असल्याशिवाय भंडाऱ्याला हात लावायचा नाही.

हा नेम कशासाठी होता, ते मी स्वतः पाहिलं आहे. गावातल्या बजरंगच्या बापाने शेजाऱ्याचा बांध कोरून आपलं खाचर वाढवलं होतं. विचारलं की साफ नाकारायचा. शेवटी दोघे वर आले. बजरंगचा बाप मिशीला पीळ देत आला, छाती काढून उभा राहिला, हात पुढे केला. बोटं भंडाऱ्यापर्यंत पोचली आणि त्याने मान वर केली. समोर शेजारी उभा होता. नुसता उभा होता. बजरंगच्या बापाचा हात तिथेच थांबला. कपाळावर घाम आला. मग तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बांध म्याच कोरलाय."

त्या वेळी नंदाबाई नुकतीच बजरंगची बायको होऊन आली होती. डोक्यावरचा पदर धरून ती खांबाआडून बघत होती. आपला सासरा भंडाऱ्यापुढे खोटं बोलू शकला नाही, हे तिने पाहिलं आणि ते तिच्या मनात कायमचं बसलं. लोक मला हात जोडायचे, दत्तोबा गुरव मला चिंचेने घासून लख्ख करायचा. ते माझे मानाचे दिवस होते.

घासून झालं की दत्तोबा मला ओट्यावर उन्हात वाळत ठेवायचा. शेताकडे जाणाऱ्या बाया तिथे टेकायच्या. गावातलं निम्मं मला तिथेच कळायचं. नंदाबाई आणि हिरा तिथे रोज टेकायच्या. हिरा म्हणजे केरबाची बायको. या दोघींची लावणीत सावड असायची: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. गुडघाभर चिखलात वाकून दोघींची आयुष्यं गेली. पाठीला कळ लागली की एक दुसरीला म्हणायची, "टेक जरा, तुजी बी वळ मी वढते." हिरा देवळात यायची नाही, देवाला हात जोडायची नाही, आणि नंदाबाईने तिला कधी का म्हणून विचारलं नाही. ओट्यावर दोघींना पुरेशी जागा होती.

हिराच्या मुलाचं नाव प्रदीप. तो सुदुंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे. त्याची बायको मानसी. पोरगी शिकलेली, बोलायला नीट आणि कुणाला न भिणारी. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणी गावात जमीन घेऊन बंगला बांधला आणि नदीकडे जाणारी पाणंद भिंत घालून बंद केली. ती जमीन मिळवून दिली होती राजेंद्रने. राजेंद्र म्हणजे आमच्याकडचा पक्षाचा माणूस. पांढरा सदरा, गळ्यात पक्षाच्या रंगाचं उपरणं आणि कपाळभर भंडारा. त्याच पाणंदीने खंडोबाची पालखी नदीवर अंघोळीला जाते. त्या वर्षी पालखी भिंतीपर्यंत गेली आणि परत फिरली. भंडारा लावणाऱ्यांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. मानसीने बायकांना गोळा केलं, वडगावला तहसीलदाराकडे नेलं, आणि हेलपाटे घालून घालून भिंत पाडायला लावली. नंदाबाई प्रत्येक खेपेला तिच्या बरोबर होती.

म्हणजे देवाची वाट मोकळी केली ती देव न मानणाऱ्या घरातल्या सुनेने. हे नीट लक्षात ठेवा.

मग पंचायत समितीची निवडणूक आली. आमची जागा बाईसाठी राखीव होती. एका पक्षाने मानसीला उभं केलं. दुसऱ्याने राजेंद्रच्या बायकोला, समीक्षाला. फलकावर समीक्षाचा फोटो असायचा, तोंड मात्र राजेंद्रचं चालायचं. हिरा ओट्यावर बसून नंदाबाईला म्हणाली, "नंदे, तुजं मत माज्या सुनंला हाय नव्हं?"

नंदाबाई म्हणाली, "इचारतीस काय? मानसी काय माजी न्हाई? माजं बी आन् माज्या बचत गटातल्या बायांचं बी. शबूद दिला जा."

त्या शब्दासाठी कुणी भंडारा उचलला नव्हता. त्याची गरजच नव्हती.

कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, असं तुम्ही मला विचाराल. मला विचारू नका. मानसीच्या पक्षाचे सुहासराव एकदा तळेगावाहून फोटोवाला घेऊन आले. त्यांनी मला गाभाऱ्यातून बाहेर काढलं, माझ्यावर निरांजन ठेवलं आणि मानसीला म्हणाले, "ताई, कपाळाला भंडारा लावा, थाळा हातात धरा, आरती करताना एक फोटो होऊन जाऊ दे. लोकांचा गैरसमज नको."

मानसी पायरीशी उभी होती. ती म्हणाली, "साहेब, गावाने बोलावलं तर मी चपला काढून आत येईन. पण फोटोसाठी नाही येणार. ज्यांचा देव आहे त्यांची ती थट्टा होईल, आणि माझीही."

सुहासराव चिडले. "मग मतं कशी मिळवणार? उपदेशाने?" असं म्हणून गाडीत बसून निघून गेले. निरांजन माझ्यावर तसंच जळत राहिलं, नंतर दत्तोबाने विझवलं. दोन्हीकडच्यांना मी हवा होतो. देव कुणालाच नको होता.

पण सुहासराव फक्त उथळ होते. राजेंद्र पोचलेला होता. बायांचा कल मानसीकडे आहे हे त्याने ओळखलं, आणि गावात एक अफवा सोडली. देवळापुढे सभामंडप व्हायचा होता, तो अडवायला मानसी वडगावला गेली होती म्हणे. ज्या खेपा पाणंदीसाठी झाल्या, त्याच खेपा याने मंडपाच्या विरोधातल्या म्हणून सांगितल्या. नंदाबाई चार जणींना सांगत फिरली, "अगं, मी सोबत व्हते. तसं कायबी न्हाई." बाया ऐकून घ्यायच्या. पण देवाच्या नावाने उठवलेली अफवा पाण्याने विझत नाही, मित्रांनो. ती खोटी म्हणणाऱ्यावरच लोक संशय घेतात.

मग राजेंद्रने जेजुरीची बस काढली. गटातल्या सगळ्या बायांना फुकट देवदर्शन. निघायच्या सकाळी तो दत्तोबाकडे आला. म्हणाला, "आबा, थाळा द्या. जेजुरीच्या देवाची भेट घडवून आणतो."

दत्तोबा म्हणाला, "ह्यो थाळा देवळाभाईर जात न्हाई, राजेंद्र. माज्या बापानं कवा न्हेऊ दिला न्हाई."

"तुमच्या बापाचंच नाव मंडपाच्या पाटीवर घालतोय. पहिलं नाव. आता बोला."

दत्तोबा वाईट माणूस नाही. त्याच्या बापाने जन्मभर देवळाची झाडलोट केली आणि कुणी त्याचं नाव कुठे लिहिलं नव्हतं. दत्तोबाने मान खाली घातली आणि मला देऊन टाकलं. राजेंद्रने मला पक्षाच्या उपरण्यात गुंडाळलं. इतकी वर्षं मी सोवळ्यातल्या फडक्यात राहिलो. त्या उपरण्याला अत्तराचा आणि पेट्रोलचा वास येत होता.

जेजुरीचं दर्शन झालं. बाया खूश होत्या. गटातली सरूबाई तर पहिल्यांदाच गड चढली होती, रडत होती बिचारी. परतीच्या वाटेवर बस एका हॉटेलात थांबली. पुरणपोळीचं जेवण झालं. हात धुऊन बाया बसल्या, तसा राजेंद्रने दरवाजा लोटून घेतला, मला टेबलावर ठेवलं, जेजुरीचा भंडारा पसरला, बेल ठेवला. टेबलावर उष्ट्या वाट्या तशाच होत्या. त्या वाट्यांच्या शेजारी मी.

"एकेकीनं या, मावशी," राजेंद्र गोड आवाजात म्हणाला. "भंडारा उचला आणि म्हणा, माझं मत आमच्याच चिन्हाला. देवाचं खाऊन आलोय आपण, देवाच्या माणसाला विसरायचं नाही."

एकेक नेम मोडला गेला. मी देवळाबाहेर होतो. शपथ उद्याची होती. समोर तर कुणीच नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तांब्याला वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

बाया एकेक करून उठल्या. आमच्याकडे एक समजूत अशी पक्की आहे, की पुढे आलेला भंडारा नाकारायचा नाही. वाटेवर परक्या माणसाने चिमूट पुढे केली तरी कपाळ पुढे करायचं. देवाचा हात झिडकारला असं होतं. राजेंद्रला हे चांगलं ठाऊक होतं, तो याच मातीतला. म्हणून त्याने पैसे वाटले नाहीत. पैसे घेऊन बाया मत कुठेही टाकतात. भंडारा उचलला की तसं करत नाहीत.

नंदाबाईची पाळी आली. ती थाळ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "राजेंद्र, समोरचं कोण हाय हितं? नेम हाय ना आपला? हिराला नायतर मानसीला उभं कर, मग उचलते."

"मावशी, देव बघतोय की. अजून कोण पायजे तुमाला?" राजेंद्र हसला. मग वाकून हळूच म्हणाला, "पिंकी बाळंतपणाला आलीय ना घरी? पयलं हाय तिचं. अशा येळंला देवाचा भंडारा मागं सारू नका."

नंदाबाईचा चेहरा उतरला. लेकीचं नाव ऐकून त्या बाईचा हात आपोआप पुढे आला.  तिने भंडारा उचलला आणि तो सांगेल तसं म्हटलं. मित्रांनो, मी खूप हात पाहिले आहेत. चोराचे पाहिले, लबाडाचे पाहिले. पण निर्दोष बाईचा हात इतका थरथरलेला मी तेव्हाच पाहिला. मला त्या राजेंद्रचा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

मतदानाच्या दिवशी बोटाची शाई वाळायच्या आत नंदाबाई देवळात आली. गाभाऱ्यापुढे बसली. "देवा, तुजं ऐकलं," म्हणाली. "माज्या पिंकीला सुखरूप सोडव. आन् हिराला तोंड कसं दावू, ते तूच सांग." आणि पदरात तोंड घालून बसली. गटातल्या साऱ्या बायांनी शपथ पाळली होती. मानसी अगदी थोडक्या मतांनी पडली.

निकालाच्या दिवशी गुलाल उधळला, हलगी कडाडली. दुसऱ्याच दिवशी पिंकीला कळा लागल्या. बजरंग कामावर, गावात त्या वेळी दुसरी गाडी नाही. गाडी काढली प्रदीपने. पिंकीचं डोकं मांडीवर घेऊन कामशेतच्या दवाखान्यापर्यंत गेली हिरा. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हिराने बाळ नंदाबाईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मानसी पडली तर पडली. तू तुजं केलंस. बाकीच्या बाया फिरल्या, त्याला तू काय करशील?" हे सगळं नंदाबाईने नंतर माझ्यासमोर बसून देवाला सांगितलं. 

पुढच्या रविवारी मंडपाचं भूमिपूजन होतं. गाव जमला, मांडव पडला, पंगतीची तयारी झाली. माझ्यावर भंडारा ठेवून मला देवळाच्या दारात चौरंगावर मांडलं. राजेंद्र माईकवर बोलत होता. "देवाच्या मंडपाला जे आडवे गेले," तो म्हणाला, "त्यांना देवानंच घरी बसवलं." टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात नंदाबाई आली. एका हाताने तिने हिराला धरून आणलं होतं, मागे मानसी होती. हिरा पायरीच्या खाली थांबली. नंदाबाई सरळ चौरंगापाशी गेली आणि मला दोन्ही हातांनी उचलून राजेंद्रपुढे धरलं.

"राजेंद्र, आता थाळा देवळात हाय. झाल्या गोष्टीची शपत हाय. आन् समोरचं समोर हाय. मानसी मंडप अडवाया गेलती, हे खरं असंल तर उचल."

 दत्तोबाच्या हातातली घंटा थांबली. बजरंग मान खाली घालून उभा राहिला, त्याला आपला बाप आठवला असणार. मलाही तोच आठवला. मी म्हटलं, आता याचा हात थांबेल. समोर मानसी उभी आहे, शांतपणे बघते आहे. याच्याही कपाळावर आता घाम येईल.

राजेंद्रने हात पुढे केला. बेलाचं पान उचललं, चांगली मूठभर हळद उचलली. मानसीकडे बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "खंडेरायाची आण. ती मंडप अडवायला गेली होती." हात जराही हलला नाही. मग त्याने खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. "झालं समाधान, मावशी? चला, पानं वाढा. जेवण गार होतंय."

मी वाट पाहिली. काहीही झालं नाही. वीज पडली नाही, मांडव कोसळला नाही, राजेंद्रला साधा ठसकाही लागला नाही. सगळ्या गावात भंडाऱ्याला न भिणारा माणूस एकच होता, आणि त्याच माणसाने सगळ्या गावाला भंडाऱ्याची भीती घालून मतं नेली होती. हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा आग लागली मला. चुलीवर पाण्याविना राहिलेल्या भांड्यासारखा मी तापलो. कपाळभर भंडारा लावणाऱ्या त्या माणसाला देव म्हणजे फक्त एक हत्यार होतं, आणि ते हत्यार त्याने नंदाबाईच्या पोटच्या पोरीवर रोखलं होतं.

नंदाबाईने मला खाली ठेवलं. तिने स्वतः भंडारा उचलला. वळून हिराकडे तोंड केलं.

"खंडेरायाची आण," ती म्हणाली. "मानसी पाणंदीसाठी वडगावला गेली, मंडपासाठी न्हाई. मी सोबत व्हते. आन् हिरा, म्या तुला शबूद देऊन तुज्या सुनंला मत दिलं न्हाई. ह्यानं हाटेलात भंडारा उचलाया लावला. पिंकीचं नाव घेटलं. मी भ्याले."

 हिराने तिचे पिवळे झालेले हात बघितले. मग म्हणाली, "शपत कशाला घेतीस, नंदे? तुजी शपत मी कवा मागितली व्हती? मला तुजं मत पायजे व्हतं."

एवढंच बोलून ती वळली आणि पाणंदीच्या वाटेने खाली गेली. मानसी तिच्यामागे गेली. माईकवर कुणीतरी घाईने देवाचं गाणं लावलं. गटातली धोंडाबाई पानावरून उठली, तिच्यामागे दोन-चार बाया उठल्या. बाकीचे जेवले. चांगले पोटभर जेवले, त्यात राजेंद्रचे पाहुणे होते आणि मानसीच्या पक्षाचे सुहासरावही होते.

आता मंडप झाला आहे. पाटीवर दत्तोबाच्या बापाचं नाव आहे, पण तळाला, बारीक अक्षरांत. वर राजेंद्रचं आणि समीक्षाचं आहे, ते नदीवरूनही वाचता येतं. मला राजेंद्रने दिलेल्या लोखंडी कपाटात ठेवतात. फक्त रविवारी बाहेर काढतात. चिंचेऐवजी कसली तरी पावडर लावतात, त्याने मी काळवंडतो. तंट्यासाठी आता वर कुणी येत नाही. येऊन करणार काय? भंडारा उचलून खोटं बोलता येतं, हे साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं.

यंदाच्या लावणीला नंदाबाई न बोलावता हिराच्या खाचरात उतरली, असं दत्तोबा मला घासताना पुटपुटत होता. हिराने तिला नको म्हटलं नाही. दिवसभर दोघी एकाच ओळीत वाकून लावत होत्या.  संध्याकाळी हिरा घरी गेली, नंदाबाई घरी गेली. ओट्यावर कुणी टेकलं नाही.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी काळा पडलो तरी चालेल. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही बोटाला शाई लागेल. तेव्हा कुणीतरी पांढऱ्या सदऱ्यातला माणूस तुमच्यापुढेही देवाचं काहीतरी घेऊन येईल. माझ्यासारखा थाळा असेल, नाहीतर पोथी असेल, ताईत असेल, झेंडा असेल. तो म्हणेल, हात लाव आणि वचन दे. तेव्हा त्याला एवढंच विचारा, समोरचा कुठे आहे? ज्याच्या विरुद्ध मला उभं करतोस, तो कुठे आहे? समोर कुणी नसेल तर हात मागे घ्या आणि घरी जा.

भिऊ नका. देव रागावणार नाही. रागवायचा असता, तर त्या रविवारीच रागावला असता.